समतेच्या चौकाला सलोख्याचे नाव कोणी दिले?

आपल्या अभ्यासवर्गांमध्ये फ्रेंच राज्यक्रांतीचा विषय निघाला की बास्तीयचा तुरुंग, १४ जुलै १७८९ आणि स्वातंत्र्य-समता-बंधुता एवढ्यावर गाडी थांबते. पुढे त्या क्रांतीचे काय झाले, ती कोणी गुंडाळली आणि गुंडाळताना कोणते गोड शब्द वापरले, हे फारसे कोणी विचारत नाही. आम्हाला मात्र वाटते की आजच्या कार्यकर्त्याच्या कामाचा भाग नेमका हाच आहे. म्हणून या लेखात आम्ही पॅरिसमधल्या एका चौकाचा इतिहास मांडत आहोत. त्याचे आजचे नाव प्लास द ला कॉन्कॉर्द. कॉन्कॉर्द म्हणजे सलोखा, एकोपा, मने जुळणे. आपल्याकडे काही मंडळी समतेच्या जागी 'समरसता' हा शब्द ठेवतात, त्या शब्दाचा हा सख्खा शेजारी. १७६३ ते १८३० या ६७ वर्षांत या चौकाचे नाव सहा वेळा बदलले. नावात काय आहे, असे विचारणाऱ्यांनी नामांतराची सोळा वर्षे तर पाहिलेली आहेतच. त्यांनी हा चौकही पाहावा.

हा चौक जन्माला आला तो राजाच्या पुतळ्यासाठी. पंधरावा लुई आजारातून बरा झाला म्हणून पॅरिसच्या नगरप्रशासनाने १७४८ मध्ये त्याचा घोड्यावरचा पुतळा करायचे ठरवले. पुतळ्याला जागा हवी, म्हणून शहराच्या पश्चिम टोकाला, त्वीलरी बागेच्या बाहेर, मोकळे मैदान निवडले गेले. आराखडा आंज-जाक गाब्रिएल या राजाच्या वास्तुरचनाकाराचा. अष्टकोनी जागा, भोवती कोरडे खंदक, त्यांना दगडी कठडे, उत्तरेला दोन भव्य इमारती. २० जून १७६३ रोजी पुतळ्याचे अनावरण झाले. तोवर काळ बदलला होता. त्याच वर्षी सात वर्षांच्या युद्धात हरून फ्रान्सने कॅनडा गमावला, भारतातली सत्ताही जवळजवळ गमावली. एकेकाळी 'लाडका' म्हणवला गेलेला राजा लोकांना नकोसा झाला होता. पुतळ्याच्या चौथऱ्याला चार सद्गुणांच्या मूर्ती होत्या: शक्ती, विवेक, न्याय आणि शांती. राजा घोड्यावर आणि न्याय त्याच्या घोड्याच्या पायाखाली, यावरून पॅरिसच्या लोकांनी जे टोमणे मारले ते आजही तिथे सांगितले जातात.

या चौकातले पहिले सामूहिक मरण गिलोटिनचे नव्हते, हे लक्षात ठेवायला हवे. ३० मे १७७० रोजी युवराज (म्हणजे पुढचा सोळावा लुई) आणि मारी आंत्वानेत यांच्या लग्नानिमित्त इथे आतषबाजी ठेवली होती. प्रचंड गर्दी. आतषबाजीत गडबड झाली, लोक पळाले, रस्ता अरुंद आणि राजाच्या सौंदर्यदृष्टीने खणलेले खंदक उघडे. सरकारी आकड्यानुसार १३२ माणसे चेंगरून मेली. त्यांना जवळच्या मादलेन दफनभूमीत पुरले. तेवीस वर्षांनी त्या लग्नातले नवरानवरीही याच चौकातून त्याच दफनभूमीत गेले. पण राजेशाही परत आल्यावर, १८१५ मध्ये, राजा-राणीचे अवशेष उकरून समारंभाने राजघराण्याच्या सां-दनीच्या दफनस्थळी नेले गेले आणि जुन्या जागेवर प्रायश्चित्ताचे प्रार्थनामंदिर उभे राहिले. 'दहशतीचे राज्य' हा शब्द शाळेतल्या पुस्तकातही असतो. १३२ माणसांच्या त्या रात्रीला मात्र 'दुर्घटना' म्हणतात.

१२ जुलै १७८९ रोजी, बास्तीय पडण्याच्या दोन दिवस आधी, याच चौकात राजाच्या घोडदळाने जमावावर घोडे घातले. दुसऱ्या दिवशी लोकांनी उत्तरेकडच्या इमारतीतून, म्हणजे राजाच्या सामानाच्या कोठारातून, शस्त्रे उचलली. १० ऑगस्ट १७९२ रोजी राजवाडा पडला आणि लगेच पंधराव्या लुईचा पुतळाही पाडला गेला. चौकाचे नाव झाले क्रांती चौक. शेजारी सेन नदीवर नुकताच पूल झाला होता, त्याला पाडलेल्या बास्तीयचे दगड वापरले होते. जुलमाच्या तुरुंगाचे दगड लोकांच्या रोजच्या पायाखाली, ही कल्पना आम्हाला तरी कुठल्याही पुतळ्यापेक्षा जास्त आवडते.

जाता जाता आणखी एक. त्याच कोठारातून सप्टेंबर १७९२ मध्ये फ्रान्सच्या राजमुकुटाची रत्ने चोरीला गेली. त्यात प्रसिद्ध निळा हिरा होता. तो गोवळकोंड्याच्या राज्यातला, कृष्णाकाठच्या कोल्लूरच्या खाणीतला मानला जातो. व्यापारी ताव्हेर्निए आणि चौदावा लुई यांची नावे हिऱ्याच्या इतिहासात आहेत. खाणीत उतरलेल्यांची नाहीत.

आता गिलोटिन. २१ जानेवारी १७९३ रोजी सोळाव्या लुईचे मस्तक इथे उडवले गेले, १६ ऑक्टोबरला मारी आंत्वानेतचे. पुढच्या दीड वर्षात या एका चौकात अकराशेहून अधिक माणसे मारली गेली. त्यात राजेशाहीवाले होते, मवाळ होते, दांतोंसारखे क्रांतीचे नेते होते, आणि २८ जुलै १७९४ रोजी खुद्द रोबेस्पिएर. मारणाऱ्यांनी राजाच्या रिकाम्या चौथऱ्यावर स्वातंत्र्यदेवतेचा प्लास्टरचा पुतळा बसवला होता. त्याच्यासमोर ३ नोव्हेंबर १७९३ रोजी ओलँप द गूज या स्त्रीला मारले गेले. ही कोण? पुरुषांच्या हक्कांच्या जाहीरनाम्याला उत्तर म्हणून १७९१ मध्ये स्त्रियांच्या हक्कांचा जाहीरनामा लिहिणारी. गुलामगिरीविरुद्ध नाटक लिहून ते पॅरिसच्या सर्वांत मोठ्या रंगभूमीवर आणणारी. फाशीच्या तख्तावर चढण्याचा हक्क जर स्त्रीला आहे, तर व्यासपीठावर चढण्याचाही असला पाहिजे, असा तिचा युक्तिवाद होता. क्रांतीने तिला त्यातला पहिला हक्क तेवढा दिला. तिचे राजकारण आम्हाला सगळेच पटते असे नाही, राजाला मारू नये असे तिचे मत होते. पण समतेचे नाव घेऊन आपल्यातल्याच बाईचा आवाज बंद करण्याची ही सवय फ्रेंचांपुरती नाही, हे चळवळीतल्या आपल्या भगिनी जास्त चांगले सांगतील.

या रक्तपाताचा मुद्दा आपल्या विरोधकांच्या हातात फार जुना आहे. 'समता समता करता, फ्रान्समध्ये काय झाले ते बघा.' बाबासाहेबांना हा आक्षेप माहीत होता. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडच्या परिषदेत त्यांनी आपल्या सभेची तुलना थेट १७८९ च्या फ्रेंच राष्ट्रसभेशी केली. आणि तिथेच, कोणी म्हणण्याआधी, त्यांनी आक्षेप स्वतः मांडला: या सभेने राजा-राणीला मारले, वरच्या वर्गांचा छळ केला, युरोपला युद्धात लोटले, असे लोक म्हणतात. त्यावर त्यांचे उत्तर होते की असे म्हणणाऱ्यांना त्या सभेच्या कार्याचे मर्मच कळलेले नाही. ते मर्म म्हणजे माणसाच्या जन्मसिद्ध समान हक्कांचा जाहीरनामा. महाडला असाच जाहीरनामा मंजूर झाला आणि मनुस्मृतीचे दहन झाले. दहन ग्रंथाचे झाले, माणसाचे नाही. बाबासाहेबांनी फ्रान्सकडून सभा घेतली, जाहीरनामा घेतला. गिलोटिन घेतले नाही, आणि गिलोटिनच्या भीतीने जाहीरनामा टाकूनही दिला नाही.

फ्रान्सच्या नव्या सत्ताधाऱ्यांनी नेमके हेच दुसरे काम केले. इथे थोडे थांबू, कारण चौकाच्या आजच्या नावाचा उगम इथे आहे.

रोबेस्पिएर पडल्यावर सत्ता मालमत्तावाल्यांच्या हाती गेली. धान्याच्या भावावरचे नियंत्रण उठले. १७९५ च्या वसंतात पॅरिसची गरीब वस्ती अक्षरशः उपाशी होती. २० मे रोजी स्त्रिया आणि पुरुष भाकरी आणि १७९३ चे संविधान मागत सभागृहात घुसले. १७९३ चेच का? कारण त्यात मालमत्तेची अट न घालता सर्व प्रौढ पुरुषांना मताचा हक्क लिहिलेला होता. तो अमलात कधीच आला नव्हता, पण कागदावर होता, आणि कागदावरच्या हक्काची किंमत उपाशी माणसाला कळते. सरकारने लष्कर आणून वस्त्या नि:शस्त्र केल्या. पाचपेक्षा जास्त स्त्रियांनी रस्त्यावर एकत्र जमायचे नाही, असा हुकूम निघाला. ऑगस्टमध्ये नवे संविधान आले. त्यात मत द्यायचे तर प्रत्यक्ष कर भरलेला हवा, आणि प्रतिनिधी निवडणाऱ्या मंडळात जायचे तर चांगली मालमत्ता हवी. ते मांडणारे ब्वासी द आंग्लास उघडच म्हणत होते की देशाचे राज्य मालमत्ताधारकांनी करावे. १७८९ च्या जाहीरनाम्यातले, माणसे जन्मतः स्वतंत्र आणि हक्कांनी समान असतात, हे कलमही नव्या जाहीरनाम्यातून गळले.

आणि २६ ऑक्टोबर १७९५ रोजी, आपल्या अखेरच्या बैठकीत, याच राष्ट्रीय अधिवेशनाने ठराव केला: क्रांती चौकाचे नाव यापुढे कॉन्कॉर्द. त्याच ठरावात मृत्युदंडही रद्द केला होता, पण सर्वत्र शांतता प्रस्थापित होईल त्या दिवसापासून. तो दिवस काही उगवला नाही. फ्रान्समध्ये मृत्युदंड रद्द झाला तो १९८१ मध्ये.

म्हणजे क्रम असा: आधी गरिबाचे मत काढून घेतले, मग चौकाला सलोखा म्हटले. हा क्रम आम्हाला या सगळ्या इतिहासातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट वाटते. कोणी म्हणेल, एवढ्या कत्तलीनंतर लोकांना शांतता नको होती का? हवी होती. ज्यांच्या घरातले माणूस त्या तख्तावर गेले त्यांना तर नक्कीच हवी होती, आणि त्यांचे दुःख आम्ही खोटे मानत नाही. प्रश्न वेगळा आहे. शांतता कोणाच्या खर्चाने? सलोखा दोन बाजूंचा असतो. इथे एका बाजूला सभागृह होते, दुसऱ्या बाजूला तोंड बंद केलेली वस्ती. सलोख्याच्या ठरावावर त्या वस्तीचे मत कोणी घेतले? मत तर आधीच काढून घेतले होते.

बंधुता आणि सलोखा यांतला फरक इथे नीट ध्यानात येतो. 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट' मध्ये बाबासाहेबांनी बंधुतेचा जो अर्थ सांगितला आहे तो चालत्या-फिरत्या समाजाचा आहे: एका भागात झालेला बदल दुसऱ्या भागापर्यंत पोहोचण्याच्या वाटा उघड्या असल्या पाहिजेत, हितसंबंध वाटून घेतलेले असले पाहिजेत. म्हणजे बंधुतेला बोलणे लागते. सलोख्याला गप्प बसणे पुरते. पुढे ३ ऑक्टोबर १९५४ रोजीच्या आकाशवाणीवरील भाषणात त्यांनी स्पष्ट केले की आपली स्वातंत्र्य-समता-बंधुता ही तत्त्वे फ्रेंच राज्यक्रांतीकडून उसनी घेतलेली नाहीत, ती आपले गुरू तथागत बुद्ध यांच्या शिकवणीतून घेतली आहेत. काही विद्वानांना हे केवळ स्वाभिमानाचे वाक्य वाटते. आम्हाला तसे वाटत नाही. बुद्ध आणि मार्क्स यांच्यावरच्या निबंधात बाबासाहेब फ्रेंच क्रांतीबद्दल सरळ सांगतात की तिच्या घोषणेचे स्वागत झाले, पण ती समता निर्माण करू शकली नाही. ज्याने १९२७ मध्ये त्या क्रांतीची बाजू घेतली तोच माणूस तिचा हिशेबही मांडतो. १७९३ च्या चौकात समतेसाठी बंधुता कापली गेली, १७९५ च्या चौकात बंधुतेसारखा दिसणारा शब्द घेऊन समता कापली गेली. ही दोन्ही वर्षे समोर ठेवली की मैत्री आणि करुणेच्या पायावर समता उभी करण्याचा त्यांचा आग्रह नुसता धार्मिक राहत नाही.

नंतरची नावे भराभर सांगतो. १८१४ मध्ये राजेशाही परतली, पुन्हा पंधरावा लुई चौक. १८२६ मध्ये दहाव्या शार्लने सोळाव्या लुईच्या स्मारकाची पायाभरणी केली आणि चौकाला त्याचे नाव दिले. १८३० च्या जुलैमध्ये पुन्हा उठाव, शार्ल पळाला, काही काळ 'सनद चौक', आणि मग परत कॉन्कॉर्द. नवा राजा लुई-फिलीप याच्या बापालाही या चौकात १७९३ मध्ये गिलोटिनवर चढवले होते, आणि त्या बापाने तर क्रांतीत आपले आडनाव बदलून 'समता' असे घेतले होते! मुलाने काय शहाणपण केले? त्याने ठरवले की इथे राजाही नको, क्रांतीही नको, ज्याच्यावरून फ्रान्समध्ये कोणी भांडणार नाही असे काहीतरी उभे करू. इजिप्तचा शासक मुहम्मद अली याने दिलेला लक्सोरच्या मंदिराचा तीन हजारांहून अधिक वर्षे जुना स्तंभ त्याने २५ ऑक्टोबर १८३६ रोजी चौकाच्या मध्यावर उभा केला. तेवीस मीटरचा, दोनशेहून अधिक टनांचा एकसंध दगड. चौथऱ्यावर तो उचलणाऱ्या यंत्रांची सोनेरी चित्रे कोरली आहेत. पुढे कोपऱ्यांवर फ्रान्समधल्या आठ शहरांच्या मूर्ती बसल्या, दोन कारंजी आली. आज पर्यटक ज्याचा फोटो काढतात तो हा देखावा. सुंदर आहे, यात वाद नाही. पण वाद मिटवण्याची ही रीत ओळखून ठेवा: स्मारक पाडायचे नाही, नाकारायचेही नाही, त्या जागी दूरच्या देशातले असे काही आणून ठेवायचे की प्रश्नच विचारला जाऊ नये.

चौक मात्र गप्प बसला नाही. ६ फेब्रुवारी १९३४ च्या रात्री अतिउजव्या संघटना इथून पूल ओलांडून संसदेवर चाल करून जाऊ पाहत होत्या. त्या दंगलीत पंधराच्या आसपास माणसे मेली. १७ ऑक्टोबर १९६१ रोजी अल्जीरियन कामगार आपल्यावर लादलेल्या संचारबंदीविरुद्ध, नि:शस्त्र, पॅरिसमध्ये मोर्चाला निघाले. पोलिसांनी त्यातल्या अनेकांना याच चौकाखालच्या कॉन्कॉर्द मेट्रो स्थानकात पकडले. भिंतीला लावून हात वर करून उभ्या केलेल्या त्या माणसांची छायाचित्रे एली कागान या छायाचित्रकाराने काढली, म्हणून ती आज आपल्याला दिसतात. त्या रात्री शहरात कित्येक जण मारले गेले, काही प्रेते सेन नदीत फेकली गेली. भिंतीवरच्या फरश्यांवर स्थानकाचे नाव वाचता येते: सलोखा.

एक गोष्ट आम्ही मुद्दाम मागे ठेवली होती. उत्तरेकडची ती कोठाराची इमारत. १७८९ मध्ये तिथे नौदलाचे खाते आले, आणि फ्रान्सच्या वसाहतींचा कारभार नौदलाकडे होता. म्हणजे चौकात राजाचे डोके पडत असताना समोरच्या खिडक्यांआड गुलामांच्या बेटांचा कारभार चालला होता. कॅरिबियन समुद्रातल्या सँ-दोमँग बेटावर ऑगस्ट १७९१ मध्ये गुलामांनी उठाव केला. त्या उठावाच्या दबावाखाली ४ फेब्रुवारी १७९४ रोजी पॅरिसच्या अधिवेशनाने गुलामगिरी रद्द केली. एके काळी स्वतः गुलाम असलेला जाँ-बातीस्त बेले त्या सभागृहात प्रतिनिधी म्हणून बसला होता. क्रांती चौकातल्या क्रांतीने केलेले सर्वांत मोठे काम कोणते, असे विचारले तर आम्ही हेच सांगू, आणि ते तिच्याकडून करवून घेतले काळ्या गुलामांनी. २० मे १८०२ रोजी नेपोलियनने गुलामगिरी पुन्हा कायदेशीर केली. तुसाँ लूव्हेर्त्यूरला पकडून फ्रान्सच्या थंड डोंगरी किल्ल्यात टाकले, तिथे तो ७ एप्रिल १८०३ रोजी मेला. पण सँ-दोमँगच्या लोकांनी फ्रेंच सैन्याला हरवले आणि १ जानेवारी १८०४ रोजी हैती स्वतंत्र झाला. १८२५ मध्ये दहाव्या शार्लने त्या हैतीकडून १५ कोटी फ्रँकची भरपाई मागितली. कशाची? माजी गुलाममालकांच्या नुकसानीची. पुढच्याच वर्षी तो या चौकात सोळाव्या लुईच्या स्मारकाचा पायाचा दगड बसवत होता.

उरलेल्या वसाहतींसाठी मुक्तीचा हुकूम २७ एप्रिल १८४८ रोजी याच इमारतीत सही होऊन निघाला. त्यामागे व्हिक्टर शोलशेर हा प्रामाणिक, आयुष्य वेचलेला माणूस होता. आम्ही त्याचे मोठेपण नाकारत नाही. सुमारे अडीच लाख माणसे मुक्त झाली. पण भरपाई मिळाली ती मालकांना. पंचवीस वर्षांनी, १८७३ मध्ये, जोतीरावांनी 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केला, तेव्हा जगभर हा प्रश्न ताजा होता हे विसरू नये. ती इमारत २०२१ पासून संग्रहालय म्हणून लोकांना खुली आहे आणि सहीची गोष्ट तिथे अभिमानाने सांगितली जाते.

मार्टिनिक बेटावर ती गोष्ट वेगळी सांगतात. तिथे १७९४ ची मुक्ती पोहोचलीच नव्हती, कारण बेट इंग्रजांच्या ताब्यात गेले. १८४८ च्या हुकुमातही बेटावर जाहीर झाल्यावर आणखी दोन महिन्यांची मुदत होती, ऊसतोडणी पुरी व्हावी म्हणून. गुलाम थांबले नाहीत. २२ मे रोजी त्यांनी उठाव केला आणि २३ मे रोजी गव्हर्नरला मुक्ती जाहीर करावी लागली. पॅरिसचा कागद तेव्हा अजून समुद्रात जहाजावर होता. २२ मे २०२० रोजी तिथल्या तरुणांनी शोलशेरचे दोन पुतळे पाडले. त्यावर फ्रान्सच्या राष्ट्राध्यक्षांपासून अनेकांनी निषेध केला. पुतळे पाडावेत की नाही यावर आपल्यातही दोन मते होतील, ती व्हावीत. मार्टिनिकमध्ये गुलामगिरीच्या अंताची सार्वजनिक सुट्टी मात्र २७ एप्रिलला नसते. ती २२ मेला असते.